वीस मिनिटं

काचेची नळी हवी. प्लॅस्टिकची चालत नाही.
नवी, कोरडी, साबण न लागलेली.
दोन मिली रक्त, मग हात न लावता वीस मिनिटं,
मग एकदाच तिरकी करायची.
गोठलं असेल तर थोडा श्वास घ्यावा.
वाहिलं तर फुरसं अजून आत चावतंय.

एवढंच माझं शास्त्र. बाकीची अडतीस वर्षं
त्याच्या समासातली टिपणं.

जामसंड्याला, शहाऐंशीच्या मे महिन्यात,
नळी साबणाने धुतलेली होती.
साबणाच्या काचेत धडधाकट रक्तही गोठायला कां-कूं करतं,
हे मला नंतर भेटलं, एका तळटीपेत.
त्या रात्री शेवटच्या कुप्या मी
करवंदीच्या काट्याने ओरखडलेल्या, घाबरलेल्या
एका बागवाल्याला दिल्या.
तो बरा झाला. म्हणजे, तो बराच होता.
पुढच्या हंगामात पेटी घेऊन आला. मी ती स्टाफला वाटली,
हापूस आजही मी दुसऱ्यांना कापून देते.

पहाटे प्रमिला घाडी आली, तेरा वर्षांची,
ओटीत करवंदं, हिरड्या लाल.
आई सांगत होती, करवंदांचो रंग तो, बाई,
करवंदांचोच.

मग पुणं. फ्रीजर, उंदीर, अनुदानाचे अर्ज.
सड्यावरचं फुरसं आणि कुपीतल्या औषधाच्या ओळखीचं फुरसं
एका आडनावाची, पण भाऊबंदकी तुटलेली,
हे सिद्ध करायला मला अकरा वर्षं लागली.
परिषदेत कुणी म्हणालं, मॅडम, तुमचं काम ट्रान्सलेशनल.
मी म्हटलं, हो, भाषांतरच की.
कातळावर लोक म्हणतात, पायात निखारो भरलो.
ते मी नॅनोग्रॅममध्ये लिहिते,
आणि नॅनोग्रॅम परत निखाऱ्यात आणताना
दर वेळी काहीतरी सांडतं.

निषाद लोटलीकर, वय सव्वीस, चप्पल काढून लॅबमध्ये शिरणारा,
त्याने मोबाइलला नळी बघायला शिकवलं.
नळी तिरकी करा, कॅमेरा धरा,
हिरवं म्हणजे गोठलं, लाल म्हणजे धावा.
शंभरात चौऱ्याण्णव बरोबर.
पेढे वाटले. माझ्या वाट्याचा मी खाल्ला.

उरलेल्या सहांतला एक टेकबहादूर निघाला,
आंब्याच्या बागेचा राखणदार, घर जुमलाकडे कुठेतरी.
उपकेंद्रात वीज नाही, बॅटरीचा पिवळा उजेड,
मी व्हिडिओ कॉलवर, निम्मा वेळ गोठलेली.
मोबाइल हिरवा.
शेवंती मेस्त, अठरा वर्षं मदतनीस, शिक्षण सातवी,
तिने नळी नाकासमोर धरली:
डॉक्टरानु, मोबाइल काय सांगता ता सांगूदे.
ह्या रगात अजून पाणीच आसा.

निषादच्या नळ्या सगळ्या ट्यूबलाइटखाली शिकल्या होत्या.
बॅटरीच्या उजेडाचं भाषांतर कुणी केलंच नव्हतं.

टेकबहादूर वाचला. नळी क्रमांक चारशे एकोणीस.
आता आम्ही कंदिलाखालचेही फोटो घेतो,
पावसाळी दुपारचे, गाडीच्या हेडलाइटमधलेही.
मोबाइल हुशार होत चाललाय.
वीस मिनिटांची एकोणीस मात्र झाली नाहीत.
ती वीसच असतात. नातेवाईक उंबऱ्यावर,
कुणी देवाला गाऱ्हाणं घालतंय, कुणी चार्जर मागतंय,
मी भिंतीवरच्या काट्याकडे बघते
आणि हात पाठीमागे बांधून ठेवते.

यादीत पहिली ओळ रिकामी आहे.
प्रमिलाची नळी कधी भरलीच नव्हती;
द्यायला काही नव्हतं, तर तपासायचं कशाला.
निषाद विचारतो, मॅडम, ही ओळ काढू का,
प्रोग्राम दर वेळी तिथे अडखळतो.
मी म्हणते, अडखळू दे.

रात्री शेवंतीचा मेसेज:
नळी नाय. काचेचीच धाडा.